धारेवरचा व्हॉल्व्ह

छतावर स्प्रिंकलर लावायची कल्पना ऑरिन हॅस्कलची, आणि ऑरिनच्या कल्पनेला नाही म्हणायची डॉगवुड क्रीकमध्ये कुणाची प्राज्ञा नव्हती. पाणीमंडळाचा अध्यक्ष तो. त्याआधी अर्धं आयुष्य मंडळाचा पाणीवाला. गावातला निम्मा पाइप त्याने स्वतःच्या हाताने पुरलेला. मागच्या वणव्यात सगळे पळाले तेव्हा हा पठ्ठ्या पत्र्यावर बागेतला स्प्रिंकलर फिरता ठेवून खाली उतरला होता. परत येऊन बघतो तर शेजारच्या घराची राख, आणि याचं घर ओलंचिंब, जसंच्या तसं उभं. झालं! त्या दिवसापासून ऑरिन म्हणेल ती पूर्व दिशा.

मग दर जूनमध्ये मंडळाचं बार्बेक्यू असायचं तेव्हा घरटी एक पितळी स्प्रिंकलर वाटायची प्रथा पडली. सोबत फ्रिजवर चिकटवायचा कागद: ‘निघताना चालू करून निघा.’ लोक मांसाची ताटली एका हातात आणि स्प्रिंकलर दुसऱ्या हातात घेऊन खुशीत घरी जायचे. वाटायचं काम वर्ना टॅल्मेजकडे. मंडळात पगारी माणसं ती दोनच, एक वर्ना आणि दुसरी अर्धा दिवस येणारी कारकून बाई. विहिरी वर्नाने बघायच्या, क्लोरीन वर्नाने घालायचं, मीटर वर्नाने वाचायचे, आणि थंडीत पाइप फुटला की चिखलात वर्नानेच उतरायचं. बाकी निवडून आलेले पाच सभासद. ते महिन्यातून एकदा गावच्या हॉलमध्ये जमायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. गावकरीही यायचे, पण पाण्याच्या काळजीने नाही. शाळेची जुनी स्वैपाकीण विल्मा डॉकरी चाकाच्या खुर्चीत बसून मांडीवर अक्रोडासारख्या दाण्यांची गोड पीकन पाई घेऊन यायची, त्यासाठी यायचे. विल्मा दरवेळी वर्नासाठी कोपऱ्याचा तुकडा वेगळा काढून ठेवायची आणि दुसरा कुणी हात लावायला गेला की त्याच्या हातावर चमचा मारायची.

एकदा एका सभेत वर्नाने विचारलं होतं, “ऑरिन, समजा सगळ्यांनीच एका वेळी लावले तर?”

“अगं, सगळं गाव एकदम पळतं का कधी?” ऑरिन म्हणाला. “मेंढरं आहेत का लोक?”

“पण लावले तर टाकी पुरेल का?”

“तू आहेस ना? तू बघशील!”

सगळे हसले. वर्नाही हसली. कशाला उगाच वाद घाला! आणि ऑरिनशी तर तिला वाद घालायचाच नव्हता. नवरा सोडून गेला तेव्हा ती बँकेच्या फरशा पुसत होती. तिथून उचलून ऑरिनने तिला मीटर वाचायला लावलं. परवान्याच्या परीक्षेला महिनाभर रोज संध्याकाळी शिकवायला बसला. “पाइपाला कान लाव पोरी, तो सगळं सांगतो,” म्हणायचा. तिचा स्वतःचा बाप असून नसल्यासारखा होता. ऑरिनने ती जागा न बोलता भरून काढली, आणि वर्ना ते कधी विसरली नाही.

ऑगस्टच्या त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता, म्हणून वीज कंपनीने लाइन बंद केली. तारा पडून वणवा पेटू नये म्हणून हे नेहमीचंच. वीज गेली की पंप गेले. जनरेटर घ्यायचा विषय सभेत तीनदा निघाला आणि तीनदा पुढे ढकलला गेला होता. तेव्हा आता गावाजवळ पाणी होतं ते डोंगरावरच्या एका टाकीत असेल तेवढंच. दुपारी जेवणाच्या सुमारास पलीकडच्या खोऱ्यातून धूर वर आला, आणि वर्ना शेगडीवरचं भांडं तसंच टाकून गाडीत बसली.

लोक पळाले. मेंढरांसारखेच पळाले, आणि का पळू नयेत? वणवा काय वाट बघतो? आणि पळताना प्रत्येकाने फ्रिजवरचा कागद पाळला. वर्ना गाडीतून बघत गेली तर घराघरावर पाणी उडत होतं. छतं चमकत होती, पन्हळीतून पाणी वाहत होतं, रस्त्याच्या कडेने ओहोळ लागले होते. घरं रिकामी आणि पाणी चोहीकडे!

लांब किल्ली घेऊन ती मीटरचे खड्डे उघडत सुटली. एका घरी वाकून नळ बंद करते आहे तोच त्या घराचा मालक गाडी भरताना ओरडला, “ए बाई! काय चाललंय?”

“पाणी बंद करतेय. बंबांना लागणार आहे.”

“माझं घर जळू दे म्हणतेस? तूच दिलंस ना ते यंत्र हातात? तूच दिलंस!”

तिनेच दिलं होतं. किल्ली फिरवून ती पुढच्या घराकडे पळाली. मागून त्याने काहीतरी फेकून मारलं, ते लागलं नाही. दहा घरं केली नाहीत तोच तिला कळून चुकलं की हे आभाळाला ठिगळ लावणं आहे. एकेक नळ बंद करत बसायला दिवस गेला असता.

तेवढ्यात बंबाच्या कॅप्टनचा आवाज रेडिओवर आला. लुहान त्याचं नाव, शांत डोक्याचा माणूस. “वर्ना, पुलापाशी झाडं पडलीत. रस्ता बंद. ज्यांना निघता आलं नाही त्यांना मी हॉलमध्ये घेतलंय. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. दोन बंब लावून मी हॉल धरून ठेवतो. पण मला पाणी पाहिजे.”

“कोण कोण आहे?”

“चाकाच्या खुर्चीतल्या बाई आहेत. सगळ्यांना गप्प बसा म्हणून दम देतायत.”

विल्मा! तिची मुलगी जोलीन शहरात नोकरीला होती, आईला न्यायला निघाली असणार आणि पलीकडे अडकली असणार.

“मी टाकीवर जाते,” वर्ना म्हणाली. “धारेची लाइन बंद करते. मग सगळं पाणी तुलाच.”

हाच एक उपाय होता. टाकीतून दोन पाइप निघत. एक खाली गावात, हॉलकडे. दुसरा डोंगराच्या धारेवर, जिथे वीसेक घरं होती आणि वीसच्या वीस छतांवर स्प्रिंकलर फिरत होते. धारेवरचे लोक कधीच निघून गेले होते. त्या रिकाम्या घरांवर पाणी उधळत होतं, आणि खाली माणसं होती. व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं, बस. एवढं सोपं.

टाकीपाशी पोचली तेव्हा आभाळ तांबडंलाल झालं होतं, भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. टाकीच्या बाहेरच्या अंगाला फळी असते, तिच्यावर काटा असतो. आत पाणी उतरलं की बाहेर काटा वर चढतो, असं ते उलटं गणित. काटा फळीच्या निम्म्याच्या वर गेला होता. वर्नाने चाकाला हात घातला आणि फोन वाजला.

“पोरी, दाब कमी होतोय,” ऑरिन म्हणाला. “काय करतेयस काय तू?”

तिचा हात चाकावरच राहिला. “तुम्ही कुठे आहात?”

“घरी. दुसरं कुठे असणार?”

“अहो, धार रिकामी करायचा हुकूम मघाशीच निघालाय!”

“हुकूम त्यांच्याजवळ. मी हे घर एकदा वाचवलंय, पुन्हा वाचवीन. नळी आहे, स्प्रिंकलर आहे. फक्त पाणी चालू ठेव.”

“ऑरिन, मी धारेचं पाणी बंद करतेय. हॉलमध्ये माणसं आहेत. तुम्ही गाडीत बसा आणि माझ्याकडे टाकीवर या. इथे मोकळी जमीन आहे, काही होणार नाही. आत्ता. माझं ऐका.”

मग तो म्हणाला, “बरं. निघालो.”

“नक्की?”

“निघालो म्हटलं ना! मी निघेपर्यंत बंद करू नकोस, आग फाटकापर्यंत आलीय. नळीशिवाय मला गाडीपर्यंत जाता येणार नाही.”

“लवकर या.”

“निघालो.”

तिने फोन ठेवला आणि टाकीच्या उतारावरून धारेचा रस्ता बघत उभी राहिली. धुरातून दिवे दिसतील म्हणून डोळे ताणले. दिवे दिसले नाहीत. काटा वर सरकत होता.

“वर्ना,” लुहान रेडिओवर म्हणाला, “दाब पडतोय. बंद केलंस का?”

“करते. धारेवर एकजण आहे, तो येतोय.”

“किती वेळ?”

“निघालाय.”

तिने पुन्हा फोन लावला. ऑरिनने लगेच उचलला, आणि तो बोलायच्या आत तिला ऐकू आलं. पत्र्यावर पाणी पडत होतं. ताडताड, एकसारखं. गाडीचा आवाज नाही, दार लावल्याचा नाही, चालण्याचाही नाही. आयुष्यभर पाइपाला कान लावायला ज्याने शिकवलं, त्याच्याच फोनला आता तिने कान लावला होता.

“फाटकापाशी पोचतोच आहे,” ऑरिन म्हणाला.

वर्ना रस्त्याकडे बघत राहिली, दिवे नव्हतेच.

“पोरी? ऐकतेयस ना? पोचतोच आहे. बंद करू नकोस. अगं, बंद करू नकोस ना!” त्याचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांत तिने त्याला कुणाची मनधरणी करताना ऐकलं नव्हतं. कधीच नाही.

“या तुम्ही,” ती म्हणाली. “मी थांबते.”

आता हे नीट ऐका, कारण नंतर गावात याची शंभर रूपं झाली. तिला ठाऊक होतं. तो निघालेला नाही आणि निघणार नाही, हे तिला तिच्या नावाइतकं ठाऊक होतं. पाणी बंद केलं तर तो तिथे होरपळून मरणार, हेही ठाऊक होतं. आणि खाली? खाली बंब होते, लुहान होता, हॉलच्या भिंती दगडी होत्या. काहीतरी करतील ते, वाटलं तिला. माणसाला जे हवं असतं ते त्याला वाटतंच. दोन्ही हातांनी चाक धरून ती उभी राहिली आणि ते फिरवलं नाही.

“वर्ना!” लुहान. आता तो शांत नव्हता. “नळीतून थेंब येतोय, थेंब! बंद कर ते वरचं!”

“आत्ता करते.”

“छपराला आग लागलीय!”

तिने हात चाकावर घट्ट आवळले. रडत होती ती, आणि स्वतःला शिव्या घालत होती, ऑरिनला घालत होती, त्या पितळी स्प्रिंकलरांना घालत होती. धारेवर झाडांचे शेंडे पेटले, घरामागून घरं पेटली. गॅसच्या टाक्या फुटल्याचे आवाज आले. मग वाऱ्याने तोंड फिरवलं आणि आग धार ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली. वणवा असाच जातो, येतो तसा निघून. आग तिकडे गेली हे डोळ्यांनी बघितल्यावर वर्नाने चाक फिरवलं. गरगर फिरवलं, शेवटच्या आट्यापर्यंत. काटा तेव्हा फळीच्या वरच्या टोकाला टेकला होता.

खाली गेलं ते पाणी नव्हतं, पाइपातली हवा होती.

लुहानने हॉल सोडला. माणसं बंबात कोंबून, ओल्या घोंगड्या पांघरून, जळत्या रस्त्यातून शाळेच्या मैदानावर नेली. मुलं आधी. मग चालता येणारी. विल्मा म्हणाली म्हणे, “मला मागून न्या, खुर्ची वाटेत अडकेल, आधी या पोरांना काढा.” तिच्यासाठी ते परत आले तेव्हा छप्पर खाली बसलं होतं आणि आत धूर भरला होता. बाहेर काढली तेव्हा तिला जाळाचा डागसुद्धा नव्हता. धुराने गेली.

धारेवरची सगळी घरं जळाली, एक सोडून. ऑरिन हॅस्कल दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी चालवत खाली आला. भुवया जळलेल्या, डोळे लाल, बाकी धडधाकट. त्याने वर्नाला बघितलं आणि मान खाली घातली. ती त्याच्याजवळून गेली आणि थांबली नाही. थांबून बोलायला फुरसत तरी कुठे होती? जळलेल्या घराघरातून तुटक्या पाइपातून पाणी गळत होतं, ते एकेक बंद करायचं होतं. पाइप धुवायचे होते, पाणी तपासायला पाठवायचं होतं, ‘उकळून प्या’ म्हणून पाट्या लावायच्या होत्या. गावाला पाणी लागतंच. कुणी मेलं म्हणून ते लागायचं थांबत नाही.

पुढल्या महिन्याची सभा अग्निशमन ठाण्याच्या गॅरेजमध्ये भरली, बंब बाहेर काढून. एवढी गर्दी मंडळाच्या सभेला कधी झाली नव्हती. लोक भिंतीला टेकून उभे होते, आणि टेबलावर खायला काही नव्हतं. सभेआधी मंडळाच्या वकिलाने वर्नाला बाजूला घेऊन बजावलं होतं, “वीज नव्हती आणि मागणी अभूतपूर्व होती. एवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही. खटला उभा राहिला तर मंडळ बुडेल, मग गावाला पाणी कोण देणार?”

अध्यक्षाच्या खुर्चीत ऑरिन. लोकांच्या बोलण्याची वेळ आली तेव्हा जोलीन डॉकरी पुढे आली. आईसारखीच रुंद खांद्यांची, आईसारखीच सरळ बोलणारी.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “हॉलचं पाणी का गेलं?”

ऑरिनने समोरचा कागद उचलला आणि वाचला. “वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे, आणि पाण्याची मागणी अभूतपूर्व...”

“कागद नको. धारेवरची सगळी घरं जळाली, तुमचं वाचलं. म्हणजे तुमच्या घराला पाणी होतं. आणि माझ्या आईला नव्हतं. का?”

ऑरिनचा हात कागदावर थांबला. त्याने वर्नाकडे बघितलं. वकिलाने वर्नाकडे बघितलं. लुहान मागे दाराशी उभा होता, त्यानेही. त्याला अर्धं माहीत होतंच.

वर्ना उठली. “व्हॉल्व्ह माझ्या हातात होता. मी तो बंद केला नाही.”

“बस, बस खाली,” वकील म्हणाला.

“ऑरिन वर होते. मी म्हटलं बंद करते, टाकीवर या. ते म्हणाले, निघालो.”

गॅरेजमध्ये कुजबुज झाली. ऑरिन म्हणाला, “मी निघालो होतो. मी... फाटकापर्यंत गेलो होतो मी.” कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचा आवाज त्याला स्वतःलाही पटल्यासारखा वाटत नव्हता.

जोलीन वर्नाकडे बघत होती. “म्हणजे त्याने तुला फसवलं.”

तिने तोंडात घास भरवावा तसं उत्तर पुढे केलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं ऑरिनवर गेलं असतं. तो नाही म्हणणार नव्हता, त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मान खाली घालून तो वाटच बघत होता.

“नाही,” वर्ना म्हणाली. “फोनमध्ये छतावर पडणारं पाणी ऐकू येत होतं मला. ते निघाले नव्हते. मला कळलं होतं. ते मरतील म्हणून मी थांबले. आग पुढे जाईपर्यंत थांबले.”

“आणि माझी आई?”

“तिला बाहेर काढतील, असं वाटलं.”

“तुला वाटलं.”

“हो.”

जोलीन उभीच राहिली. ओरडेल, अंगावर येईल, असं सगळ्यांना वाटलं. लुहान एक पाऊल पुढे आला होता. पण ती जागेवर जाऊन बसली आणि पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. ऑरिनने पुढचा विषय पुकारला. तेवढं त्याला जमलं.

सभा सुटल्यावर वर्ना गाडीपाशी पोचली तर जोलीन तिथे उभी होती. आईच्या जळलेल्या घराच्या जागेवर तिने ट्रेलर आणून ठेवला होता, मुलांसह तिथेच राहायला आली होती. नळजोडणीचा अर्ज आठवडाभर पडून होता.

“उद्या सकाळी करते तुझं काम,” वर्ना म्हणाली. “नवीन मीटर आणलाय. पाणी तपासून झालंय, मुलांना प्यायला चालेल.”

“दुसऱ्या कुणाला पाठव.”

“दुसरं कुणी नाहीये, जोलीन. मंडळात मीच आहे.”

जोलीनने मान हलवली. रस्त्यावरून लोक आपापल्या गाड्यांकडे जात होते, कुणी या दोघींकडे बघत नव्हतं.

“मग नको,” ती म्हणाली.

अजूनही ती घाटाखालच्या पेट्रोल पंपावरून कॅन भरून आणते. मुलं दोन्ही हातांनी कॅन धरून ट्रेलरच्या पायऱ्या चढतात. वर्ना तिथून जाते तेव्हा गाडी हळू करते, आणि जोलीन मुलांना आत बोलावून दार लावून घेते.